सगळं हिरवं होतं तेव्हा: कर्नलचा क्रॅश-संदेश बदलला आणि आमची टेस्ट आंधळी झाली

२०२० च्या फेब्रुवारीतली गोष्ट. पुण्यात मी तेव्हा ज्या कंपनीत होतो, तिथे एका नेटवर्क कार्डाच्या लिनक्स ड्रायव्हरची रात्रीची टेस्ट माझ्याकडे होती. लॅबमध्ये दोन जातींच्या प्रोसेसरांची यंत्रं होती, काही एक्स८६ सर्व्हर आणि काही आर्म६४ बोर्ड. ड्रायव्हर डिव्हाइसपासून सोडवायचा, परत जोडायचा, मध्ये थोडी पॅकेट्स सोडायची, आणि हेच रात्रभर. सकाळी मेल यायचा. हिरवा असला तर चहा, लाल असला तर आधी लॉग.

जानेवारीत आम्ही कर्नल (लिनक्सचा गाभा) ४.१९ वरून ५.४ वर गेलो. दोन्ही लाँग-टर्म आवृत्त्या, त्यामुळे कुणालाच फार धास्ती नव्हती. उलट नव्या कर्नलवर एक्स८६ ची बाजू सलग तीन आठवडे हिरवीगार राहिली. जुन्या कर्नलवर महिन्यातून एक-दोनदा तरी पडणारा नल पॉइंटरचा (कुठेच न दाखवणाऱ्या पत्त्याचा) क्रॅश गायबच झाला. स्टेटस मीटिंगमध्ये ‘५.४ वर स्थिरता सुधारली’ असं वाक्य मीच म्हटलं होतं. ते मिनिट्समध्ये आहे, म्हणून नाकारता येत नाही.

आमच्या टीममध्ये नुकतीच रुजू झालेली एक मुलगी एका सकाळी टेबलाशी आली. म्हणाली, ‘सर, आर्म लाल आहे, एक्स८६ हिरवा. पण ड्रायव्हर तर तोच आहे ना?’

मी सवयीने म्हटलं, ‘अगं, आर्मवर टायमिंग वेगळं असतं.’ असं उत्तर दिलं की प्रश्न मिटतो. तिचा मिटला नाही. तिने एक्स८६ चा रात्रीचा पूर्ण लॉग उघडला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली.

लॉगमध्ये क्रॅश होता. व्यवस्थित, कॉल ट्रेससकट, रजिस्टरांसकट. आणि त्या रनला लॉगमध्ये ठरावीक शब्द शोधणाऱ्या आमच्या स्क्रिप्टने हिरवी खूण दिली होती.

काय बदललं होतं

४.१९ वर हाच क्रॅश असा छापला जायचा (मूळ अक्षरं अर्थातच इंग्रजी, इथे उच्चाराप्रमाणे लिहितो):

‘बग: अनेबल टू हँडल कर्नल नल पॉइंटर डीरेफरन्स अ‍ॅट ००००००००००००००१०’

आणि ५.४ वर असा:

‘बग: कर्नल नल पॉइंटर डीरेफरन्स, अ‍ॅड्रेस: ००००००००००००००१०’
‘#पीएफ: सुपरवायझर रीड अ‍ॅक्सेस इन कर्नल मोड’
‘#पीएफ: एरर कोड (०एक्स००००) - नॉट-प्रेझेंट पेज’

(पीएफ म्हणजे पेज फॉल्ट, मेमरीच्या पानापर्यंत पोचताना झालेली चूक.) पत्ता नलच्या जवळपासचा नसेल, तर जुन्या कर्नलवर ‘अनेबल टू हँडल कर्नल पेजिंग रिक्वेस्ट अ‍ॅट’ असं यायचं. नव्यावर ‘अनेबल टू हँडल पेज फॉल्ट फॉर अ‍ॅड्रेस’ असं येतं. आमची स्क्रिप्ट ‘अनेबल टू हँडल कर्नल’ एवढे चार शब्द शोधत होती. नव्या दोन्ही वाक्यांपैकी एकातही हे चार शब्द सलग येत नाहीत. पहिल्यातून ‘अनेबल टू हँडल’ गेलं, दुसऱ्यातून ‘कर्नल’ गेलं. ठरवून चुकवायचं म्हटलं असतं तरी इतकं नेमकं जमलं नसतं.

आर्म६४ वर मात्र कर्नल अजूनही ‘अनेबल टू हँडल कर्नल नल पॉइंटर डीरेफरन्स अ‍ॅट व्हर्च्युअल अ‍ॅड्रेस’ असंच म्हणतो. फॉल्ट हाताळणारा कोड प्रत्येक आर्किटेक्चरचा वेगळा, त्यामुळे त्यातली वाक्यंही वेगळी. आर्मचे बोर्ड नसते, तर आम्ही अजून किती दिवस खूश राहिलो असतो कुणास ठाऊक.

हा बदल एक्स८६ च्या कोडमध्ये जुलै २०१९ मध्ये आलेल्या ५.२ पासून दिसतो. आम्ही ४.१९ वरून थेट ५.४ वर उडी मारल्यामुळे मधल्या सगळ्या आवृत्त्यांचे बदल एकगठ्ठा अंगावर आले.

एवढा मोठा क्रॅश चुकला कसा

एक ओळ बदलली म्हणून क्रॅश दिसेनासा होतो, हे ऐकायला विचित्र वाटतं. क्रॅश झाला की मशीन बंद पडायला हवं, टेस्ट फेल व्हायला हवी. तसं झालं नाही, कारण आड येऊ शकणाऱ्या प्रत्येक गोष्टीला आम्हीच कधी ना कधी, चांगल्या कारणाने, बाजूला केलं होतं.

क्रॅशच्या संदेशात पुढे ‘ऊप्स: ०००० [#१]’ अशी ओळ येते. ती जुन्या-नव्या दोन्ही कर्नलवर सारखी होती. आमच्या स्क्रिप्टमध्ये ‘ऊप्स’ हा शब्द पूर्वी होता. पण एका क्रॅशची दोन तिकिटं उघडतात अशी तक्रार आली आणि तो काढला गेला. नुसतं ‘बग:’ शोधायचं, तर ‘बग: स्लीपिंग फंक्शन कॉल्ड फ्रॉम इनव्हॅलिड कॉन्टेक्स्ट’ हेही त्यात येतं. तो क्रॅश नव्हे, आणि त्याचा हिशेब वेगळा हवा असं वरून सांगणं होतं, म्हणून तेही गेलं. केअ‍ॅसन हे मेमरीच्या चुका पकडणारं कर्नलचं साधन चालू असतं तर त्याने स्वतःच्या शब्दांत आरडाओरडा केला असता. पण त्याने पॅकेटांचा वेग इतका घसरायचा की रात्रीचा रन सकाळपर्यंत संपत नसे. तेही बंद.

मशीन का पडलं नाही? ऊप्स म्हणजे पॅनिक, म्हणजे अख्खा कर्नल थांबणं, नव्हे. ‘पॅनिक ऑन ऊप्स’ ही सेटिंग शून्य असेल, तर कर्नल फक्त त्या क्षणी चालू असलेल्या थ्रेडचा बळी घेतो आणि पुढे चालत राहतो. आमच्या जुन्या सर्व्हरांना सिरियल कन्सोल जोडलेला नव्हता. लॉग एसएसएचवरून ओढायचा, म्हणजे मशीन जिवंत राहायला हवं. म्हणून ती सेटिंग शून्यच होती.

आणि टेस्ट कमांड फेल का झाली नाही? ही मूळ बगची गंमत. ड्रायव्हर सोडवताना एक पॉइंटर नल केला जायचा, पण आधीच रांगेत लावलेलं एक लांबणीवरचं काम रद्द केलं जात नव्हतं. काही मिलिसेकंदांनी ते काम चालायचं आणि त्या नल पॉइंटरपासून १६ बाइट पुढचं फील्ड वाचायला जायचं. पत्त्यातलं शेवटचं १० हे हेक्साडेसिमल, म्हणजे हेच १६. पण हे काम चालतं कर्नलच्या केवर्कर थ्रेडमध्ये, म्हणजे मागे चालणाऱ्या कामांच्या थ्रेडमध्ये. मरायचा तो केवर्कर. ज्या कमांडने ड्रायव्हर सोडवला, ती केव्हाच शून्य कोड (म्हणजे ‘यशस्वी’) देऊन परतलेली असायची. आंधळं दळतंय नि कुत्रं पीठ खातंय, दुसरं काय.

बिरबलाच्या पोपटाची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. पोपट खात नाही, पीत नाही, हालत नाही, डोळे उघडत नाही, पण ‘मेला’ हा शब्द कुणी उच्चारायचा नाही. ५.४ चा लॉग असाच होता. रजिस्टरं होती, कॉल ट्रेस होता, मेलेल्या थ्रेडचं नाव होतं. आमची स्क्रिप्ट ‘मेला’ या शब्दाची वाट बघत बसली.

दोष कुणाचा

पहिल्या दिवशी लॅबमध्ये कर्नलवाल्यांच्या नावाने बोटं मोडून झाली. वर्षानुवर्षं चाललेलं वाक्य बदलायची गरज काय होती? एकाने तर आमच्या कर्नलमध्ये जुनं वाक्य परत आणणारा पॅच लावू या असंही सुचवलं. तो लावला असता, तर टेस्टमधला कर्नल आणि ग्राहकाकडचा कर्नल वेगळे झाले असते, आणि प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर तो पॅच पुन्हा बसवत राहावं लागलं असतं.

माझं मत तेव्हाही हेच होतं: नवं वाक्य चांगलं आहे. जुन्या संदेशात वाचताना फॉल्ट झाला की लिहिताना, हे कळायला ‘ऊप्स:’ पुढचे चार अंक हाताने फोडावे लागायचे. सगळ्यात खालचा बिट शून्य असेल तर पान जागेवरच नव्हतं, एक असेल तर पान होतं पण परवानगी नव्हती. पुढचा बिट म्हणजे लिहिणं. त्यापुढचा, किंमत ४, युजरच्या हक्काने झालेला प्रवेश. १६ चा बिट लागला तर तिथून सूचना उचलायला गेला होता. आमच्याकडे हे पांढऱ्या बोर्डाच्या कोपऱ्यात लिहिलेलं असायचं आणि कुणीतरी दर दोन महिन्यांनी पुसायचं. नवा कर्नल तेच वाक्यात सांगतो. शिवाय ‘सुपरवायझर अ‍ॅक्सेस’ आणि ‘कर्नल मोड’ हे दोन वेगवेगळे सांगतो, कारण एक्स८६ वर ते कधीकधी खरंच वेगळे असतात: युजर मोडमधला कोड चालू असताना प्रोसेसर स्वतःहून डिस्क्रिप्टर टेबल वाचायला जातो, तो प्रवेश सुपरवायझरचा, म्हणजे कर्नलच्या हक्काचा, असतो. जुन्या वाक्यातल्या एकट्या ‘कर्नल’ शब्दात हा फरक मावत नव्हता.

युजरस्पेसचा प्रोग्रॅम मोडायचा नाही, हा कर्नलचा नियम सिस्टम कॉलच्या बाबतीत कडक आहे. क्रॅशचा मजकूर त्या वचनात धरला जात नाही. तो माणसाने वाचायचा असतो. आम्ही त्याला फाइल फॉरमॅट समजलो.

बदलाची ही काही पहिली वेळ नव्हती, हेही नंतर लक्षात आलं. २०१७ च्या ४.१० पासून कॉल ट्रेसमधले कच्चे पत्ते गेले, कारण त्यातून कर्नल मेमरीत कुठे बसलाय ते फुटायचं. त्याच वर्षीच्या ४.१२ मध्ये लॉकच्या चुकांचा इशारा देणाऱ्या लॉकडेपने ‘इन्फो: पॉसिबल सर्क्युलर लॉकिंग’ ऐवजी ‘वॉर्निंग: पॉसिबल सर्क्युलर लॉकिंग’ म्हणायला सुरुवात केली. ४.१९ मध्ये आरसीयूच्या (कर्नलमधली समांतर वाचनाची यंत्रणा) संदेशांना पुढे ‘आरसीयू:’ ही जोड मिळाली. ५.१ मध्ये एक ऐच्छिक सोय आली. ती चालू केली की प्रत्येक ओळीत वेळेनंतर त्या थ्रेडचा किंवा सीपीयूचा क्रमांक येतो. ही शेवटची सोय तर लॉग वाचणाऱ्या यंत्रांच्याच फायद्याची, कारण दोन सीपीयू एकाच वेळी बोलायला लागले की त्यांच्या ओळी एकमेकींत मिसळतात. पण वेळेच्या कंसानंतर लगेच संदेश सुरू होतो असं धरून लिहिलेला पॅटर्न याच सोयीने मोडतो.

दुसरे लोक काय करतात ते पाहिलं

मेलेल्या कर्नलचे संदेश वाचण्यात सिझकॉलरचा हात धरणारं दुसरं साधन मला माहीत नाही. गुगलमध्ये दिमित्री व्ह्यूकोव्ह यांनी सुरू केलेला हा फझर आहे. कर्नलवर वेड्यावाकड्या सिस्टम कॉलचा मारा करायचा आणि तो कुठे कोसळतो ते बघायचं, हे त्याचं काम. त्याचा सिझबॉट २०१७ पासून सापडलेल्या बग आपोआप कळवतो. दोन क्रॅश एकाच बगचे आहेत की नाही, हे तो प्रामुख्याने शीर्षकावरून ठरवतो, आणि ते शीर्षक कर्नलच्या संदेशातून काढतो. म्हणजे संदेश बदलला की आमची एक स्क्रिप्ट आंधळी होते, त्यांच्याकडे मात्र बगांची अख्खी वही विस्कटू शकते.

त्यांचा कोड वाचला तेव्हा दोन गोष्टी डोक्यात बसल्या.

एक म्हणजे नमुन्यांचा साठा. संदेश वाचणाऱ्या कोडच्या शेजारी खऱ्या क्रॅश-लॉगच्या शेकडो फाइली आहेत, नाव म्हणून नुसते क्रमांक. प्रत्येकीच्या डोक्यावर या लॉगमधून कोणतं शीर्षक निघायला हवं ते लिहिलेलं. अर्धवट किंवा मिसळलेला लॉग असेल तर तो ‘करप्टेड’ आहे अशीही नोंद. कुणी शोधायचा पॅटर्न (रेगेक्स) बदलला की सगळे नमुने पुन्हा तपासले जातात. जुनं वाक्य समजणं बंद झालं तर त्याच क्षणी कळतं.

दुसरी गोष्ट जास्त हुशारीची. नव्या कर्नलने वाक्य बदललं तरी सिझबॉटच्या यादीत शीर्षक जुनंच राहिलं. आजही तिथे ‘अनेबल टू हँडल कर्नल नल पॉइंटर डीरेफरन्स इन अमुक फंक्शन’ अशीच नावं दिसतात, जरी एक्स८६ कर्नल ते शब्द आता उच्चारत नाही. पत्ता शीर्षकात येत नाही, फंक्शनचं नाव येतं. पत्ता दर वेळी बदलला तर एकाच बगच्या शंभर बग होतील. कर्नलची भाषा कर्नलजवळ, वहीतलं नाव वहीजवळ. गावाकडे माणसाचं घरचं नाव एक आणि शाळेच्या दाखल्यावरचं दुसरं असतं, तरी शेजारपाजारचे लोक ओळखण्यात चुकत नाहीत, तसं.

हे सगळीकडे पाळलं जातं असंही नाही. पुढे केअ‍ॅसनने ‘यूज-आफ्टर-फ्री’ (सोडून दिलेली मेमरी वापरणं) ऐवजी ‘स्लॅब-यूज-आफ्टर-फ्री’ म्हणायला सुरुवात केली, तेव्हा तो शब्द सिझबॉटच्या शीर्षकातही आला. तिथे नव्या शब्दात नवी माहिती होती, ती मेमरी स्लॅबमधलीच, म्हणजे कर्नलच्या लहान तुकड्यांच्या साठ्यातलीच, होती ही. माझ्या मते तो निर्णय बरोबर. कोणता शब्द नुसता पोशाख आणि कोणता नवी माहिती, हे प्रत्येक वेळी माणसानेच बघावं लागतं.

आम्ही काय केलं

दोन नवे पॅटर्न घालायला दहा मिनिटं लागली. मूळ बगवर ते लांबणीवरचं काम रद्द करणारी एकच ओळ पुरली. पण नेमकी कुठे घालायची, यावर अर्धा दिवस वाद झाला. बाकीचं काम महिनाभर चाललं.

जुन्या डिस्कांवर ४.९, ४.१४ आणि ४.१९ च्या काळातले लॉग पडलेले होते. ते गोळा करून सिझकॉलरच्या धर्तीवर प्रत्येकावर अपेक्षित नाव लिहिलं. हे काम त्या नव्या मुलीनेच केलं, आणि ते करता करता लॉकडेपचे पॅटर्न ४.१४ पासून मेलेले असल्याचं तिला सापडलं. म्हणजे ‘इन्फो’चं ‘वॉर्निंग’ झाल्यापासून आम्ही लॉकिंगचा एकही इशारा पकडला नव्हता. तेव्हा आम्हाला वाटलं होतं, आमचे लॉक किती छान बसलेत.

मग शब्दांवर अजिबात अवलंबून नसलेला साक्षीदार शोधला. कर्नल ‘टेंटेड’ नावाचा एक आकडा ठेवतो. त्यात १२८ चा बिट लागला, की बूट झाल्यापासून कधीतरी ऊप्स किंवा बग झाली. ५१२ म्हणजे वॉर्निंग येऊन गेली. संदेश कुठल्याही शब्दांत छापा, हे बिट लागतात. आमचा ड्रायव्हर मुख्य कर्नलच्या बाहेरचा, त्यामुळे तो चढवला की ४०९६ असतोच. म्हणून आकडा शून्य आहे का हे तपासून भागत नाही, रनच्या आधी आणि नंतर वाचून फरक बघावा लागतो. शिवाय एकदा लागलेला बिट रीबूटशिवाय उतरत नाही. त्या तीन आठवड्यांचे लॉग पुन्हा काढले, तेव्हा कळलं की रनच्या शेवटी यंत्राची माहिती जमा करणारी दुसरी एक स्क्रिप्ट हा आकडा इमानेइतबारे लिहून ठेवत होती. ज्या रात्री क्रॅश झाला, त्या रात्रीच्या फाइलमध्ये ४२२४ आहे. ४०९६ अधिक १२८. ती फाइल कुणीच उघडत नव्हतं.

तिसरी गोष्ट मॉक ड्रिल. कर्नलमध्ये एलकेडीटीएम नावाचं मॉड्यूल आहे, मुद्दाम क्रॅश घडवण्यासाठीच. डीबगएफएसमधल्या (कर्नलच्या तपासणीसाठीच्या फाइलींमधल्या) ‘प्रोव्होक-क्रॅश’ फोल्डरातल्या ‘डायरेक्ट’ या फाइलमध्ये ‘एक्सेप्शन’ असा शब्द लिहिला, की कर्नल नल पत्त्यावर लिहायला जातो आणि ऊप्स होतो. कर्नल बदलला की पहिल्या रात्री आम्ही प्रत्येक यंत्रावर आधी हे करतो. लॉगमध्ये एक खुणेची ओळ टाकायची, क्रॅश घडवायचा, आमच्या साधनाने तो ओळखला का ते बघायचं, रीबूट, आणि मग खरी टेस्ट. ओळखला नाही, तर त्या यंत्राचा निकाल हिरवाही नाही आणि लालही नाही. त्यासाठी राखाडी रंग काढला. मॅनेजरांना हा रंग आवडला नाही. ‘पास की फेल ते सांगा’ असं दोनदा विचारलं गेलं. पण ‘माहीत नाही’ ला हिरवं म्हणण्याचा प्रयोग आम्ही नुकताच तीन आठवडे करून पाहिला होता, त्यामुळे राखाडी टिकला.

कर्नलच्या स्वतःच्या एलकेडीटीएम चाचण्याही बघण्यासारख्या आहेत. बऱ्याच क्रॅशसाठी त्या ‘कॉल ट्रेस:’ एवढंच शोधतात, तेही लहान-मोठ्या अक्षरांचा भेद न करता. कमी शब्दांवर टांगलेलं कमी वेळा निखळतं.

आणि पुन्हा

पुढच्या वर्षी ५.१० वर गेलो. मॉक ड्रिल सगळीकडे पास. चौथ्या की पाचव्या रात्री एक सर्व्हर विचित्र निकाल घेऊन आला: स्क्रिप्टला क्रॅश दिसला नाही, पण टेंटेडमध्ये १२८ चढलेला. नव्या नियमाप्रमाणे राखाडी.

लॉग उघडला. या वेळी पेज फॉल्ट नव्हताच, जनरल प्रोटेक्शन फॉल्ट, म्हणजे प्रोसेसरने नाकारलेला प्रवेश, होता. आमचा पॅटर्न होता ‘जनरल प्रोटेक्शन फॉल्ट:’, शेवटी विसर्गचिन्हासारखा कोलन, कारण जुन्या कर्नलवर त्या शब्दांना लागूनच कोलन आणि मग ‘०००० [#१]’ यायचं. मार्च २०२० च्या ५.६ पासून कर्नल सांगतो, ‘जनरल प्रोटेक्शन फॉल्ट, प्रॉबेब्ली फॉर नॉन-कॅनॉनिकल अ‍ॅड्रेस’, मग पत्ता, आणि कोलन त्यानंतर. आमची मॉक ड्रिल फक्त नल पॉइंटरची होती, तिच्यात हे येणार कुठून?

त्या मुलीने नमुन्यांत नवी फाइल टाकली, वर अपेक्षित नाव लिहिलं, पॅटर्नमधला कोलन काढला आणि सगळे जुने नमुने चालवून पाहिले. कमिटच्या संदेशात एकच शब्द होता: ‘स्वल्पविराम’. रिव्ह्यूमध्ये मी विचारलं, थोडं सविस्तर लिहिशील का? तिने खाली दोन ओळी वाढवल्या, जुनं वाक्य आणि नवं वाक्य, एकाखाली एक.